मे महिन्यात गार पडलेल्या बाटल्या

आधीच सांगतो, भूतबित, अंगारे-धुपारे यांवर माझा काडीचा विश्वास नाही. लातूरला कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो, त्यात उष्णता हा माझा हातखंडा धडा. म्हणून तर या प्रकाराचा जास्तच संताप येतो...

तीन वर्षांपूर्वी, ऐन मे महिन्यात, माझी बहीण मुखेडला बाळंत झाली. पोरगं जन्मलं, पण रडलंच नाही. बऱ्याच वेळानं श्वास सुरू झाला, तरी मान टाकलेली. दवाखान्यातून सांगितलं – लातूरला न्या, लगेच. बस्स, एवढंच. वाटेत काय करायचं, काय नाही, हे सांगायला यांचं तोंड दुखत होतं का?

दाजींनी, म्हणजे बहिणीच्या नवऱ्यानं, गाडी काढली. मागं मी आणि आई, आईच्या मांडीवर बाळ; बहीण मुखेडच्या दवाखान्यातच. आमच्याकडं रीतच आहे – ओल्या, नुकत्याच जन्मलेल्या लेकराला गार लागू द्यायचं नाही, मग उन्हाळा का असेना.

"हातपाय लई गार हायत रे, बाटल्या लाव," आई म्हणाली.

थर्मासमधलं कढत पाणी मीच दोन काचेच्या बाटल्यांत भरलं, त्या फडक्यात गुंडाळून बाळाच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना ठेवल्या.

वाटेतल्या जांब गावाच्या पुढं आई म्हणाली, "गार पाणी भरलास का रे?"

हात लावला तर बाटल्या माठातल्या पाण्यासारख्या. बाहेर रस्ता भाजत होता, गाडीत एसी नाही. चिडून त्या खिडकीतून ओतल्या, परत भरल्या. भरताना बोट पोळलं. आणि थोड्याच वेळात... परत गार.

"दाजी, हे काय चाललंय?"

"तुम्हीच भरायलाव, मला काय विचारायलाव? मी गाडी चालवू का बाटल्या बघू?"

लातूरला डॉक्टर मॅडमनी विचारलं, वाटेत काय केलं? गरम बाटल्या म्हटल्यावर त्या भडकल्याच. "अहो, मेंदूला ऑक्सिजन कमी पडलाय. अशा बाळाला शेक दिला तर मेंदूची इजा वाढते. आम्ही आता त्याला मुद्दाम गार ठेवणार." मग बाळाचं अंग किती गरम आहे ते मोजलं, परत एकदा मोजलं. आम्हाला हवं तेवढंच गार आहे, म्हणाल्या. पुढं तीन दिवस पोरगं गार गादीवर होतं.

आता ते दिवसभर बडबड करतंय, कुणाला बोलू देत नाही. आई म्हणते देवीनं केलं. दाजी म्हणतात खिडकी उघडी होती. मे महिन्यातली खिडकी, म्हणे! मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, असेल काहीतरी. अहो, काहीतरी म्हणजे काय?

शेवटी यंदाच्या मे महिन्यात तीच गाडी, तोच थर्मास, त्याच बाटल्या घेऊन भर दुपारी मुखेडहून एकटाच निघालो. जांब गेलं, गरम. लातूरला पोचलो तरी चांगल्या गरम.

म्हणजे त्या दिवशीही त्या गरमच राहणार होत्या. मीच भरलेल्या, त्या एवढ्याशा डोक्याशी मीच ठेवलेल्या...

दवाखान्याच्या गेटसमोर गाडीत बसून मी ढसाढसा रडलो. बाटल्या कुणी गार केल्या, मला आजही माहीत नाही.