भोंगाचाचांचा मधला पट्टा

भोंगाचाचा कुणाच्या कानात कुजबुजले, तरी पलीकडच्या गल्लीतली माणसं "काय म्हणाले?" असं विचारत नसत. त्यांना ऐकू आलेलं असे. लातूरच्या गंजगोलाईत चाचांनी माइक तपासायला नुसतं "हॅलो, चेक" म्हटलं, की जळकोटात म्हशी दावं तोडायच्या आणि भोकरचा एखादा जावई सासरवाडीला निघता निघता घाबरून परत घरात शिरायचा. यात थोडं मीठ माझं आहे. पण थोडंच.

चाचांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या लातूरचं. धंदा भाड्याने लाउडस्पीकर देण्याचा. लग्न असो, उरूस असो, नाहीतर निवडणूक, भोंगा त्यांचाच. पुढे शहरात शिकवण्यांचं पीक आलं. काल ज्या गाळ्यात बियाणं विकलं जायचं, तिथे आज डॉक्टर उगवू लागले. चाचांनी दुकानाच्या माळ्यावर भिंतींना गाद्या ठोकल्या आणि त्याला स्टुडिओ म्हटलं. तिथे तयार झालेल्या क्लासच्या जाहिराती ऑटोवरून गावभर बोंबलत फिरायच्या. त्यातला आवाज माझा. मी आयुष्यात कुणाला बाराखडी शिकवली नाही, पण अख्ख्या जिल्ह्याला यशाची हमी दिली. म्हणून चाचा मला मास्तर म्हणत.

"गोड नको बोलू, मास्तर. आवाज फाटला पाहिजे. फाटक्या आवाजावर आईबापांचा लई भरोसा."

फाडायचं काम एक प्लगिन करायचं. संगणकात बसवायचं हे अवजार चाचांना इंटरनेटवर फुकट सापडलं होतं. ते आवाजाचे खालचा, मधला, वरचा असे पट्टे पाडायचं. प्रत्येक पट्ट्यातल्या वरचढाला दाबून दबलेल्याला वर आणायचं, आणि हवी तेवढी करकर घालून द्यायचं. त्यातून निघालेला माझा आवाज दारावरून गेला तेव्हा माझी आईच म्हणाली, "कोण हाय हा मेला?"

चाचा मात्र त्या प्लगिनवर फिदा. "जोरवाल्याला दाबल्याबिगर दबलेला वर येत न्हाई. सरकारला न्हाई समजलं, ह्या फुकटच्याला समजलं बघ."

मी हसायचो. चाचा हसत नसत.

त्यांची थोरली बहीण, आपा, औशाकडच्या एका गावात दिलेली. भूकंप झाला त्या सकाळी चाचांनी भोंगा आणि बॅटरी जीपमध्ये टाकली आणि तिचं गाव गाठलं. घर कुठलं, गल्ली कुठली, काही उरलं नव्हतं. त्या दगडांच्या ढिगावर उभं राहून ते दुपारपर्यंत भोंग्यातून ओरडत राहिले, "आपा, मी आलोय! आवाज दे!" शेवटी एका जवानाने त्यांच्या हातातला माइक काढून घेतला. "चाचा, आप चुप रहेंगे, तब ना अंदर का सुनाई देगा?" मग सगळे गप्प झाले. खालून काही आलं नाही. त्याआधी आलं होतं का, हे सांगायला आता कुणीच नव्हतं.

आपाचा आवाज एकाच जागी उरला होता. चाचांच्या हळदीला बायका ढोलकी घेऊन गायला बसल्या, तेव्हाची कॅसेट. वाजवली तर झिजेल, म्हणून चाचांनी ती कधी वाजवलीच नाही. प्लगिनवर हात बसल्यावर एका दुपारी मात्र म्हणाले, "मास्तर, आज जाहिरात न्हाई. आज आपाला काढू."

कॅसेट संगणकात उतरवली. खालचा पट्टा दाबला, ढोलकी बसली. वरचा दाबला, बांगड्या आणि टेपची खरखर गेली. मग मधला पट्टा हळूहळू वर घेतला. एक बारीक, किंचित नाकातला आवाज उठला. शेवटचं अक्षर लांबवणारा.

"हाव," चाचा म्हणाले. "हीच." आणि त्यांनी पडद्यावर हात ठेवला, जसा आजाऱ्याच्या कपाळावर ठेवतात.

मी आणखी वर घेतलं. तेवढ्यात माइकच्या अगदी तोंडाशी एक तरणा आवाज धडकला. "हॅलो, चेक! हॅलो! आवाज येतोय का?"

नवरदेव. हळदीच्या अंगाने नवा माइक तपासत होता. गाणं संपेपर्यंत तो गप्प बसला नाही.

"ह्याला दाब."

दाबला, तर आपाही गेली. तिला वर आणलं, तर तोही आला. मी पट्टा रुंद केला, अरुंद केला, चिरून त्याच्या चिंध्या केल्या. भावाबहिणीचा आवाज एकाच मातीचा. कुणाला दाबायचं, हे त्या बिचाऱ्या प्लगिनला कळेना.

"दाब रे त्या हरामखोराला!"

"चाचा, ते तुम्हीच आहात."

"म्हणून तर म्हणतो, दाब."

त्यानंतर चाचांनी माइक हातात धरला नाही. क्लासवाले येऊन परत गेले. भोकरपर्यंत पोचणारा माणूस चहासुद्धा बोटाने मागू लागला. शेवटच्या आजारात मी उशाशी बसलो होतो. त्यांचे ओठ हलले. मी कान तोंडाला लावून विचारलं, "काय म्हणालात, चाचा?" पलीकडची गल्ली राहू द्या, मलाही ऐकू आलं नाही.

ती फाइल माझ्याकडे आहे. कधीतरी मधला पट्टा वर घेतो. "आवाज येतोय का?" चाचा विचारतात. मागे आपा गात असते. शब्द लागत नाहीत.