निरंक

माझी आत्या दवाखान्याच्या नोंदी सांभाळायची. तळमजल्यावरची तिची खोली दुपारी तरंगत असल्यासारखी वाटायची. उंच खिडकीतून ऊन उतरायचं, त्यात कागदांची धूळ हळूहळू फिरत राहायची आणि आत्या चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधत बसायची. मी वरच्या वॉर्डात नर्स. जेवणाच्या सुट्टीत तिच्याकडे जायचे आणि बसल्या जागी मला डुलकी लागायची.

दर महिन्याला तिथून एक तक्ता वर जायचा. त्यात 'उपचारातील चुका' असा रकाना होता. आत्या त्यात वळणदार अक्षरात 'निरंक' लिहायची. म्हणजे एकही नाही. एकवीस वर्षं निरंक! "देवाच्याही हातून चुका होतात, आपल्याच दवाखान्यात कशा गं होत नाहीत?" मी चिडवायचे. ती कधी हसली नाही, आणि मला बावळटीला त्याचं कधी नवल वाटलं नाही.

मग चूक माझ्याच हातून झाली. कपाटात दोन औषधांच्या बाटल्या शेजारी शेजारी, झाकणं दोन्हींची निळी. घाईत मी वॉर्डातल्या एका आजोबांना भलत्याच बाटलीतलं इंजेक्शन दिलं. त्यांची शुद्ध हरपली. संध्याकाळी कुठे त्यांनी डोळे उघडले.

दुसऱ्या दिवशी मी आत्याकडे असतानाच व्यवस्थापक स्वतः खाली आले. "निरंकच लिहा, बाई. पेशंट बरा आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. शिवाय नोकरी तुमच्याच भाचीची जाईल."

खरं सांगते, मलाही तेच हवं होतं. मी आत्याकडे बघून लाचारासारखी मान हलवली.

आत्याने लिहायला घेतलं. कोणतं औषध, कोणता कप्पा, किती वाजता, कोणी दिलं. रकाना पुरेना तेव्हा समासात लिहिलं. खाली सही केली. व्यवस्थापक तक्ता घेऊन पाय आपटत निघून गेले.

मी तिच्यावर उखडले. "खरं लिहायला तुला घरचीच सापडली का?"

तिने उन्हाकडे पाहिलं.

"सहा वर्षांपूर्वी," ती म्हणाली, "तोच कप्पा, त्याच दोन बाटल्या. तू इथे नव्हतीस तेव्हा. पंचविशीतली मुलगी होती गं. ती उठलीच नाही. आणि मी निरंक लिहिलं."

तिने पेनाला टोपण लावलं.

"तेव्हा खरं लिहिलं असतं, तर काल तुझ्या हाताशी त्या बाटल्या शेजारी शेजारी नसत्या."