नव्वदाव्या मिनिटाला चावा

मी आमच्या दंतवैद्यांना चावलो. ही गोष्ट कशीही फिरवून सांगितली तरी बरी दिसत नाही, म्हणून सरळच सांगून टाकतो. चावलो, आणि चांगला कडकडून चावलो. त्यांच्या उजव्या हाताच्या तर्जनीला, हातमोज्यावरून.

माझ्या बाजूने एवढंच म्हणता येईल की माझा अर्धा जबडा त्यांनीच सुई देऊन बधिर केला होता. त्यामुळे दातांत दाढ आहे, कापूस आहे की डॉक्टर आहेत, हे मला कळायला मार्ग नव्हता. त्यात डॉक्टर दाढ कोरता कोरता सामना सांगत होते. नव्वदावं मिनिट चालू होतं. कॉर्नर किक उंच आली, निळ्यांचा बचावपटू हवेत उडाला, आणि ऐकता ऐकता माझं तोंड आपोआप मिटलं. डॉक्टर ओरडले. अशा वेळी माणूस ओरडला तर ऐकणाऱ्याला काय वाटेल? मला वाटलं गोल झाला. मी उत्साहाने जबडा आणखी आवळला.

"ताई, हे चावतायत," डॉक्टर अखेर बारीक आवाजात म्हणाले.

ताई म्हणजे त्यांच्या मदतनीस. माझ्या तोंडात लाळ ओढायची नळी धरून त्या शेजारीच उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "असं होय. मला वाटलं गोल झाला."

मग त्यांनी माझं नाक दाबलं. श्वास घ्यायला मला तोंड उघडावं लागलं आणि बोट सुटलं. इतक्या वर्षांच्या अनुभवाचा असा उपयोग मी प्रथमच पाहिला.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तू माणसाला चावलास?"

"माणसाला नाही गं, दंतवैद्याला."

"ते कोण असतात मग?"

आता हा सामना काय होता ते सांगायला हवं. आमच्या गावात फुटबॉलचे दोन संघ आहेत. एक पिवळा, एक निळा. पिवळे दर दोन-तीन वर्षांनी करंडक जिंकतात आणि निळे दर वर्षी 'पुढच्या वर्षी बघा' म्हणतात. आमचे डॉक्टर निळे. त्यांचे वडीलही निळे, तेही दंतवैद्य, याच खोलीत, याच खुर्चीमागे उभे राहून जन्मभर दात काढत आणि हरलेले सामने सांगत. मी लहानपणी त्यांच्याकडे दुधाचे दात दिले आहेत. सुई टोचायच्या आधी ते इतक्या दुःखाने पेनल्टी कशी हुकली ते सांगत, की आपलं दुखणं त्यापुढे किरकोळ वाटे. थोरले डॉक्टर वारले तेव्हाही करंडक पिवळ्यांकडेच होता.

आणि मग निळे जिंकले. करंडकाच्या अंतिम सामन्यात, पिवळ्यांविरुद्ध, मागे पडून, बरोबरी करून, शेवटच्या मिनिटाला जिंकले.

पहिला आठवडा सगळ्यांनी समजून घेतलं. दवाखान्यात निळा झेंडा लागला. दात कसे घासावेत त्याचा तक्ता होता, त्यावर विजयी संघाचा फोटो चिकटला. तेव्हापासून दात कसे घासावेत हे आमच्या भागात कुणाला नक्की माहीत नाही. पेशंटच्या गळ्यात बांधायचा रुमाल निळा झाला, चूळ भरायचं पाणीसुद्धा निळं झालं. इथवर ठीक होतं. पण ऋतू पालटला, निळ्यांचा पुढचा मोसम सुरू होऊन ते दोनदा हरलेसुद्धा, तरी डॉक्टरांचा अंतिम सामना चालूच होता.

डॉक्टर तो नुसता सांगत नसत, मांडून दाखवत. हत्यारांच्या ट्रेमध्ये प्लास्टरचा एक जबडा उभा करायचा, तो गोल. कापसाचा बोळा म्हणजे चेंडू. तोंडात घालायचा छोटा आरसा हा निळ्यांचा कर्णधार, चिमटा हा पिवळ्यांचा गोलरक्षक. विजयी गोल करणाऱ्या बचावपटूवर तर त्यांचा विशेष जीव. "त्याचे वरचे दात पुढे आहेत, बघितलंत? उडी मारली की तोंड मिटतच नाही. माझ्याकडे आला असता तर सरळ करून दिले असते." मग थोडा विचार करून म्हणत, "बरं झालं नाही आला."

ऐकणाऱ्याचं तोंड उघडं आणि त्यात दोन हात आणि एक नळी. हरकत कोण घेणार? जगातले बाकीचे जिंकलेले लोक ऐकणाऱ्यांच्या मागे फिरतात. आमच्या डॉक्टरांकडे ऐकणारे आपण होऊन वेळ ठरवून येतात.

हरकत घेणारं माणूस एकच होतं, ताई. कारण ताई पिवळ्या. त्यांचे वडील पिवळ्यांच्या मैदानाच्या फाटकावर तिकिटं फाडायला उभे असत. थोरल्या डॉक्टरांच्या हाताखाली त्या नोकरीला लागल्या, तेव्हापासून त्यांच्या केसांत पिवळी क्लिप आहे. एक गोल हरणं त्यांनी सोसलं असतं. पण तोच गोल दिवसातून आठ वेळा, तोही आपण उकळून स्वच्छ केलेल्या हत्यारांनी मारलेला? प्रत्येक सामन्यानंतर कर्णधार आणि गोलरक्षक दोघांनाही पुन्हा उकळायचं काम त्यांचंच.

मी चावलो त्या दिवशी त्यांनी डॉक्टरांच्या बोटाला पट्टी बांधली आणि गाठ मारता मारता म्हणाल्या, "महिनाअखेरीला मी थांबते. समोरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलंय."

"डोळ्यांच्या? तिथे काय आहे?"

"तिथे पेशंटला बोलता येतं."

हे मला दोन दिवसांनी कळलं. फळं घेऊन डॉक्टरांना बघायला गेलो, तर ते रिकाम्या खुर्चीत पेशंटसारखे आडवे पडून छताकडे बघत होते. बोट पट्टीत, पट्टी अर्थातच निळी.

"ताई गेल्या तर मी काय करू?" ते म्हणाले. "हत्यार मागायच्या आत हातात येतं हो. मला कधी कुठल्या हत्याराचं नाव घ्यावं लागलेलं नाही. अर्ध्यांची नावं मी विसरलोय."

"मग गोष्ट बंद करा की. झाले ना इतके दिवस."

"किती दिवस करायचा असतो आनंद? सांगा ना. तुम्ही शिकलेले आहात."

मी खरंच विचार केला. आपल्याकडे हे ठरलेलं असतं. नव्या सोफ्याचा आनंद त्यावरचं प्लॅस्टिक काढेपर्यंत. नव्या फ्रीजचा आत पहिलं काहीतरी सांडेपर्यंत. बढतीचा आनंद नवं काम कळेपर्यंत. लग्नाचा... डॉक्टर अविवाहित आहेत, म्हणून तो मी सोडून दिला. पण जी गोष्ट व्हायला दोन पिढ्या लागल्या, तिचा हिशेब कुठल्या सोफ्यावर करायचा?

"बाबांनी या खोलीत जन्मभर पराभव सांगितले," डॉक्टर म्हणाले. "लोकांनी ऐकून घेतले, दातही काढून घेतले. मला सांगायला एक विजय मिळालाय. एकच. उद्या दुसरा मिळेल याची काय खात्री? आत्ताच दोन हरलो आम्ही."

त्यात माझा स्वतःचा स्वार्थ होता. माझी दाढ अर्धी कोरलेली होती, तात्पुरतं सिमेंट भरून सोडलेली. ताई गेल्या, डॉक्टर गडबडले, तर प्रयोग माझ्याच दाढेवर होणार. मी बाहेर ताईंकडे गेलो. त्या हत्यारं पुसत होत्या.

"ताई, समजून घ्या त्यांना."

"इतके महिने तेच करतेय. तुम्ही चार वेळा ऐकलंत तर चावलात."

मी म्हणालो, "आणि त्यांनी सामन्याबद्दल शब्द काढला नाही तर?"

ताई पुसायच्या थांबल्या. "महिनाअखेरपर्यंत एक शब्द नाही. मग बघू."

डॉक्टरांनी मान्य केलं. फोटो उतरला, त्याखालून दात घासायचा तक्ता निघाला. चुळीचं पाणी पुन्हा साधं झालं. बोट बरं होऊन दवाखाना सुरू झाला, आणि माझी समजूत झाली की दोघांचंही आपण भलं केलं.

माझी पाळी आली त्या दिवशी बाहेरच्या बाकावर आम्ही चौघं होतो. आतून यंत्राचा आवाज येत होता. हा आवाज इथे पूर्वीही असणार, पण मी तो कधी ऐकलाच नव्हता. त्याच्यावर नेहमी डॉक्टरांचा आवाज असे. आज नुसतं यंत्र. बारीक, मग जाड, मग थांबून पुन्हा बारीक. बाकावर एक हवालदार होते, चांगले धिप्पाड. ते हळूच मला म्हणाले, "आज एवढं शांत का आहे? आत काही झालंय का?"

तेवढ्यात आतलं यंत्र थांबलं आणि शाळेच्या मुख्याध्यापिका गळ्यातल्या रुमालासकट बाहेर आल्या. कुणाकडेही न बघता त्या थेट रस्त्यावर गेल्या. त्यांच्या मागे ताई दारापर्यंत आल्या, "बाई, अहो बाई, अर्धंच झालंय," म्हणत. बाई काही थांबल्या नाहीत. ते पाहून हवालदारांना एक तातडीचं काम आठवलं, मागोमाग बाकीच्या दोघांनाही.

"सकाळपासून हे तिसरं," ताई स्वतःशीच म्हणाल्या आणि मला आत घेतलं.

मी खुर्चीत बसलो. डॉक्टरांनी सुई दिली, काही न बोलता. यंत्र उचललं, काही न बोलता. त्यांचा चेहरा मास्कमागे, वर नुसते डोळे, आणि ते डोळे फक्त दाढेकडे. मला पहिल्यांदाच जाणवलं की ही खोली म्हणजे एका माणसाला आडवं पाडून दोघांनी त्याच्यावर वाकून उभं राहायची जागा आहे. यंत्र सुरू झालं. मी खुर्चीचा हात पकडला. निदान मला तो खुर्चीचा हात वाटला.

"मनगट सोडा माझं," ताई म्हणाल्या.

मी सोडू शकलो नाही. ताईंनी यंत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग बाहेरच्या रिकाम्या बाकाकडे पाहिलं.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या. "सांगा."

"काय?"

"काय म्हणजे? तेच."

डॉक्टरांनी यंत्र थांबवलं. "ताई, आपलं ठरलंय."

"ठरलंय ते मला माहीत आहे. हे माझं मनगट मोडतील आता. पूर्वार्धापर्यंत सांगा. त्यात आम्ही पुढे होतो."

डॉक्टरांनी घसा साफ केला. इतक्या दिवसांच्या उपासानंतर ताट समोर यावं तसा त्यांचा आवाज थरथरत होता. "तर... सुरुवातीपासूनच निळ्यांनी..."

"निळ्यांनी काही केलं नाही सुरुवातीला," ताई म्हणाल्या. "चेंडू आमच्याकडे होता."

"बरं. चेंडू पिवळ्यांकडे. त्यांचा तो उंच खेळाडू डावीकडून आला..."

"उजवीकडून. तुम्ही रोज डावीकडून आणता त्याला. मी ऐकून घेते, पण तो उजवीकडून आला. द्या तो कापूस इकडे."

आणि ताईंनी एका हाताने नळी धरून दुसऱ्या हाताने ट्रेमध्ये चेंडू मांडला. उंच खेळाडू म्हणून त्यांनी डॉक्टरांचा आवडता आरसा घेतला. डॉक्टरांना ते लागलं. त्या उंच खेळाडूने दोघांना चकवलं, तिसऱ्याच्या पायांतून चेंडू काढला आणि लांबून असा काही गोल मारला की प्लास्टरचा जबडा आडवा झाला. इतक्या महिन्यांत हा गोल मी पहिल्यांदाच नीट ऐकला. डॉक्टरांच्या सांगण्यात तो 'एक गोल त्यांचाही झाला होता' एवढ्यातच उरकायचा.

"चांगला गोल होता," डॉक्टर कोरता कोरता म्हणाले.

"होताच," ताई म्हणाल्या. "बाबा असते तर फाटक सोडून आत पळत आले असते."

डॉक्टर कोरत राहिले. पण आता ते यंत्र तेवढं ऐकू येत नव्हतं.

माझ्या दाढेला पूर्वार्ध पुरला नाही. रूट कॅनालला उत्तरार्ध लागतोच. मध्यंतरात डॉक्टरांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी आरसा पुसून त्यांच्या हातात दिला, म्हणजे कर्णधार परत केला, आणि म्हणाल्या, "आता तुमचं. पण माझ्या गोलरक्षकाने ती जी झेप घेतली, ती सांगायची."

"कुठली झेप?"

"ती तुम्ही गाळता ती."

झेप सांगितली गेली, दोनदा. मग बरोबरी झाली. मग नव्वदावं मिनिट आलं, कॉर्नर किक उंच आली, पुढे आलेल्या दातांचा तो बचावपटू हवेत उडाला. आणि डॉक्टरांनी न मागता, ताईंनी रबराचा एक ठोकळा माझ्या वरच्या-खालच्या दाढांमध्ये घट्ट बसवला. "करा गोल आता," त्या म्हणाल्या.

गोल झाला. ताईंनी तोंड वाकडं केलं, पण नळी हलू दिली नाही.

काम संपल्यावर ठोकळा निघाला. मी बधिर तोंडाने ताईंना विचारलं, "आणि ते डोळ्यांचे डॉक्टर? ते वाट बघत असतील ना?"

"बघू देत की. डोळे आहेत त्यांना," ताई म्हणाल्या आणि कर्णधाराला उकळायला घेऊन गेल्या.

डॉक्टर हातमोजे काढत होते. तर्जनीवर माझ्या दातांचा व्रण अजून दिसत होता. दात सरळ आहेत माझे, व्रणावरून कळत होतं. खोलीत आम्ही दोघंच उरलो, तेव्हा मी हळूच विचारलं, "डॉक्टर, खरं सांगा. हा जल्लोष अजून किती दिवस चालणार?"

"तुम्ही पुन्हा चावेपर्यंत."