आमच्या राज्यपालाचं रिकॉल

किस्से मुद्दाम कुणी जमवत नाही हो. बहारीनच्या कॅम्पात ते धुळीसारखे साठतात, कितीही झाडा! मी कंपनीची बस चालवतो. सकाळी रिफ्याच्या कॅम्पातून माणसं भरायची आणि अदलिया, बुसैतीन असं साइटवर सोडत जायचं. मागच्या सीटवर जे बोललं जातं ते सगळं माझ्या कानात पडतं. सुर्वेसाहेबांचे किस्से मी नेहमी हसत सुरू करतो. शेवटी मात्र मलाच पाणी प्यावं लागतं.

*

सुर्वे म्हणजे आमचे कॅम्प बॉस. गाव संगमेश्वरकडचं. त्यांचं नाव आम्ही 'राज्यपाल' ठेवलेलं. ठेवलं कांबळे सरांनी. सर ऑफिसात ड्राफ्ट्समन, आणि संविधान त्यांचं तोंडपाठ. मी विचारलं, "राज्यपालच का?"

सर म्हणाले, "निवडून दिलेला नाही, वरून नेमलेला आहे. आणि सहीला आलेला कागद हा मंजूरही करत नाही, परतही पाठवत नाही. नुसता ठेवून घेतो!"

अख्खी बस हसली. सुर्वेसाहेबांच्या टेबलावर रजेचे फॉर्म खरंच तसेच पडलेले असायचे. त्यांची सही झाल्याशिवाय ऑफिस फॉर्मला हात लावत नसे. "झाली का सही?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "उद्या, इंशाल्ला!"

*

सावंत आमचा प्लंबर, कणकवलीचा. त्याचे बाबा हॉस्पिटलात होते. फॉर्म टेबलावर जाऊन अकरा दिवस झाले. सावंत रोज दारात उभा राहायचा.

"सायबानू, माका उद्या नको. सही आजच व्हयी."

"अरे, माणसं कमी आहेत. बघतो ना!"

बाराव्या दिवशी दुपारी तो बुसैतीनला एका गच्चीवर पाइप जोडत होता. तिथंच फोन आला. अग्नी चुलतभावानं दिला. सावंतनं तो व्हिडिओ कॉलवर बघितला, हातात पाना तसाच. मध्येच नेटवर्क गेलं. संध्याकाळी कॅम्पात आल्यावर त्यानं टेबलावरचा आपला फॉर्म उचलला आणि गादीखाली सरकवला. सुर्वेसाहेब खुर्चीतच होते.  मला त्या दिवशी त्यांचा भयंकर राग आला होता, अजूनही येतो.

*

दुसऱ्या दिवशी बसमध्ये कुणी विचारलं, "सर, राज्यपालाला काढता येतं का हो?"

सर म्हणाले, "आपल्याकडं? विधानसभा ठराव करेल, लोक अर्ज करतील. पण राष्ट्रपतींची मर्जी आहे तोवर तो खुर्चीत. आणि राष्ट्रपती ऐकतात मंत्रिमंडळाचं."

"म्हणजे लोकांच्या हातात काहीच नाही?"

"मफी! काहीच नाही. अमेरिकेत तसं नाही. तिकडं आमदारच गव्हर्नरवर महाभियोग चालवतात. आणि काही राज्यांत तर लोकच सह्या गोळा करतात, मग मतदान, आणि गव्हर्नर खलास! त्याला म्हणतात रिकॉल."

मागून सावंत हळूच म्हणाला, "सर, स्पेलिंग सांगा."

*

तेवढ्यात सुर्वेसाहेब महिनाभराच्या रजेवर गेले. स्वतःच्या फॉर्मवर स्वतःच सही! कशासाठी गेले ते कुणी विचारलं नाही. सरांनी झकास इंग्लिशमध्ये अर्ज लिहिला. शेवटची ओळ होती, 'वी रिक्वेस्ट यू टू रिकॉल मिस्टर सुर्वे.' कारण एका शब्दानंही लिहिलं नाही. सर म्हणाले, "आरोप लिहिले तर व्हिसा कॅन्सल!" आता पहिली सही कुणाची? ज्याची पहिली तो पहिल्या विमानात! म्हणून सगळ्यांनी गोल सह्या केल्या, वर्तुळात, म्हणजे पहिली कुठली ते कळायलाच नको. सावंतचीही त्यात होती. कागद मी स्वतः अदलियाच्या ऑफिसात नेऊन दिला. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "सो स्वीट! फुलासारखं दिसतंय!"

मला तेव्हाच कळायला हवं होतं.

*

पाचव्या दिवशी बॅग घेऊन सुर्वेसाहेब गेटमध्ये हजर! ऑफिसनं रिकॉलचा सरळ अर्थ लावला होता: माणसाला परत बोलवा.

"अरे, एवढा जीव लावता माझ्यावर?" त्यांनी बॅग तिथंच खाली ठेवली. "मला वाटायचं, शिव्या घालत असाल."

कांबळे सर बुटाची लेस बांधायला खाली वाकले ते वर येईनात. साहेबांनी सगळ्यांना फणसपोळी वाटली आणि तो अर्ज नोटीस बोर्डावर काचेत लावला. आणि काय सांगू, त्या दिवसापासून येईल तो फॉर्म त्याच दिवशी सही! आम्हाला जेवण गोड लागेना. कारण तिसऱ्या दिवशी कळलं, ते घरी गेले होते ते आई शेवटच्या घटका मोजत होती म्हणून.

*

मग एका शुक्रवारी, दुपारचं जेवण चालू असताना, सुर्वेसाहेब मेसमध्ये आले. हातात त्यांचाच रजेचा फॉर्म. ऑफिसनं परत पाठवला होता. 'तुमच्या माणसांनी लेखी मागणी करून तुम्हाला बोलावलंय, आता लगेच रजा कशी?' आम्ही सगळे ताटात बघत होतो. ते नेमके सावंतसमोर येऊन उभे राहिले.

"सावंत, आई अजून आहे रे. डोळे उघडते आणि विचारते, गेला का तो? तुम्ही लिहिलंत म्हणून ऑफिसनं मला आणलं. आता अजून एक लिहा. मला जाऊ द्या म्हणून लिहा."

कांबळे सर उठायला लागले. "सुर्वेसाहेब, त्या अर्जाचं खरं काय आहे ते..."

"सर, बसा तुमी," सावंत म्हणाला. तो हात धुऊन खोलीत गेला आणि एक घडी घातलेला कागद घेऊन आला. कोऱ्या बाजूवर त्यानं स्वतः चार ओळी लिहिल्या, मराठीत. खाली सही केली. गोल नाही, पहिली. मग कागद फिरला, आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या.

"घेवा, सायबानू."

सुर्वेसाहेबांनी कागद वाचला आणि सहज उलटला. मागं रजेचा फॉर्म होता. कारण: वडील आजारी. खाली कॅम्प बॉसच्या सहीची चौकट रिकामी.

त्यांनी खिशातून पेन काढलं आणि त्या चौकटीत सही केली.