शुक्रवारची पुडी

राजूरच्या रस्त्यावरचा हा मेकॅनिक मला बहुतेकदा पायांनीच भेटतो. बाकीचा कोळशाच्या ट्रकखाली असतो. डॉक्टरांनी हाडांसाठी दिलेली ‘डी’ जीवनसत्त्वाची पुडी तो दर शुक्रवारी दुधातून घेतो. ती सुरू झाल्यापासून त्यानं धुळीसाठी तोंडाला रुमाल बांधणं सोडलंय.

“आता खोकला येतच नाई, भाऊ,” तो खोकत सांगतो.

“चाचा, पुडी कोळशाची धूळ अडवत नाही! मी यावर पत्रक छापून गावभर वाटीन!”

“छापा ना. हात पुसाले कागद लागतेच.”

परवा असंच भांडताना मलाच ठसका लागला. तो सरपटत बाहेर आला, खिशातला धुतलेला रुमाल काढून माझ्या तोंडावर घट्ट बांधला.

“तुमी पुडी घेत नाई ना? मंग हा बांधा.”

माझं उरलेलं भाषण रुमालातच अडकलं, आणि तो खोकत पुन्हा ट्रकखाली शिरला.