भीतीला पाट मांडा

आता कसं सांगू तुम्हाला? चहाचा कप आधी खाली ठेवा, नाहीतर माझी फजिती ऐकताना ठसका लागेल.

दिल्लीत मानसशास्त्र शिकून मी सरावलीला परतले, ती डहाणू-तलासरीच्या जनतेला भयमुक्त करायलाच. जनतेने बोलावलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी. पहिली पेशंट घरातच सापडली. माझी काकू.

आमच्याकडे मध्यंतरी भूकंपाचे धक्के बसायचे. तेव्हा काकूने फळीवर स्टीलच्या पेल्यांचा मनोरा रचला. जमीन हलली की पेले वाजणार, पेले वाजले की बाहेर पळायचं. पुढे धक्के थांबले, मनोरा राहिला. भाजी ढवळताना काकूची नजर पेल्यांवर, देवाला हात जोडले तरी एक डोळा पेल्यांवरच! झोपणार मात्र अंगणात, आणि सोबतीला काका हवेतच. "पलंग माझा शिसवीचा, आणि मी डासांचा," काका कुरकुरायचे.

मी त्यांना शब्द दिला. रविवारी काकू घरात झोपणार.

रविवारी काकू, शेजारच्या हंसाबेन आणि आळीतल्या चार बायका जमवून मी सुरू झाले. भीती आली की पळायचं नाही. ती पाहुणी. तिला पाट मांडा. अंगात कुठे येऊन बसलीय ते शांतपणे बघा.

"माझी तर गुडघ्यात बसलीये, किती वरसं," हंसाबेन म्हणाल्या.

"ती भीती नाय, वात हाय," काकू म्हणाली.

मी दुर्लक्ष केलं. व्यत्यय नको म्हणून सगळ्यांचे फोन, माझ्यासकट, मुके करून स्वतःच्या हाताने फळीवर ठेवले. फळीवर जागा कुठे होती? पेल्यांना टेकून.

मग सगळ्यांना डोळे मिटायला लावले. श्वास आत. श्वास बाहेर.

आणि पेले वाजले.

पुढचं मला नीट आठवत नाही. हंसाबेनच्या त्याच गुडघ्यावर पाय देऊन मी उडी मारली म्हणे. भानावर आले ती परसातल्या चिकूखाली, डोक्यावर काकूचं सूप धरून. ते कधी उचललं, देव जाणे.

मागे बघते तर बाहेर कोणीच नाही! भूकंपात घरात बसून राहायला या बायकांना शिकवलं कोणी? मीच की!

धावत दाराशी आले. सगळ्या डोळे मिटून, मांडी घालून गप्प. पेले अजून थरथरत होते, आणि त्यांना टेकलेला एक फोनही.

माझा.

काकूने डोळे उघडले, फोन उचलला, हात लांब करून एकेक अक्षर वाचलं. मीच लावलेला रोजचा गजर होता तो, मातृभाषेच्या अभिमानाने मराठीत लिहिलेला: "थांब. श्वास घे. तू सुरक्षित आहेस."

"आली होती भीती," काकू म्हणाली. "पाट मांडला. बसली जरा, गेली." मग माझ्या डोक्यावरच्या सुपाकडे बघून, "तुझी कुठवर पोचली गं बाय? अच्छाडच्या नाक्यावर, गुजरातच्या हद्दीला?"

काकूने त्याच संध्याकाळी गादी आत नेली. काका आता शिसवी पलंगावर घोरतात आणि भेटेल त्याला सांगतात, पोरीचं शिक्षण वाया गेलं नाही.

खरंच नाही गेलं. अंगणात आता एकच खाट असते. माझी.

आणि पेले? उशाशी आहेत.