खडकापाशी साडेदहा

चष्म्याच्या दुकानात एकोणतीस वर्षं काचा घासलेल्या माणसाला केसभर चूकही सोसवत नाही. आमच्या या गृहस्थाला कयाक क्लबात सगळे 'दोरा' म्हणत. सागरी नकाशावर अंतर मोजायला तो पट्टी वापरत नसे. बायकोच्या शिलाईच्या डब्यातला लाल दोरा किनाऱ्याच्या वळणावळणाने लावायचा, नखाने खूण करायची, मग सरळ करून मोजायचं. बायको दर वेळी नवीन रीळ आणून ठेवी.

त्याच्या बेताचे नियम दोनच. वेग धरायचा तो सगळ्यात हळू वल्हवणाऱ्याचा. आणि नकाशावर वाटेतल्या एका खुणेपाशी पेन्सिलीने वेळ लिहायची. त्या वेळेच्या आत तिथे पोचलो नाही, तर मुकाट माघारी फिरायचं. "दोरा निघायच्या आधीच घरी पोचलेला असतो," अशी क्लबात थट्टा चाले. पण त्याच्या बेतावर गेलेला प्रत्येक जण जेवायच्या वेळेला घरी असे, हेही तितकंच खरं.

दीपगृहाच्या बेटाचे बेत त्याने वीस वर्षं दुसऱ्यांना आखून दिले. स्वतःचं जाणं मात्र राहूनच गेलं. कधी दुकान आडवं आलं, कधी मुलीची परीक्षा. या वर्षी त्याची थोरली बहीण दवाखान्यातल्या नोकरीतून निवृत्त झाली आणि म्हणाली, "चल, आपण दोघं जाऊ." त्याला आभाळ ठेंगणं झालं.

अडचण होती ती उजव्या खांद्याची. तीन महिने झाले, वरच्या फळीवरचा डबा काढताना डोळ्यांत पाणी येई. पण ताई जन्मभर परिचारिका. तिला सांगितलं असतं तर तिने त्याला घरीच बसवलं असतं. बेट पुन्हा हातचं जाईल या धास्तीने तो गप्प राहिला.

बेटाच्या अलीकडे एक काळा खडक आहे. साडेदहाच्या आत तो ओलांडला तर ओहोटी बेटापर्यंत नेते. नंतर पाणी फिरतं आणि समोरून येतं. दोऱ्याने स्वतःचा खरा वेग धरून पाहिला. खडक साडेदहाला गाठताच येत नव्हता. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा त्याने वेगाचा आकडा थोडा फुगवला.

नकाशाच्या कडेला 'सगळ्यात हळू' यापुढे लिहिलेला तो फुगवलेला आकडाही ताईला झोंबला. "इतका हळू कोण रे? मी?"

"तुझं वय धरलंय, ताई," तो नकाशाकडे बघत म्हणाला. आठ दिवस ती त्याच्याशी नीट बोलली नाही.

ठरल्या सकाळी समुद्र तळ्यासारखा होता. ताई पुढे जाई, थांबे, पुन्हा पुढे जाई. दोरा दात आवळून वल्हवत होता. खडक गाठला तेव्हा दहा चाळीस झाले होते. दीपगृहाचा पांढरा मनोरा समोर स्वच्छ दिसत होता, त्याच्या पायऱ्यासुद्धा.

"वेळ तू लिहिली होतीस," ताई म्हणाली. "सांग, काय करायचं?"

दहाच मिनिटं तर उशीर झालाय, असं दुसरा कुणी म्हणाला असता तर त्याने त्याला फाडून खाल्लं असतं. त्याने कयाक वळवली.

जलमार्गावर कयाकवाल्यांना उतरायला पाट्या लावलेल्या जागा असतात. अर्ध्या वाटेवरच्या तशाच एका पुळणीवर दोघं उतरली. वाटभर त्याचं वल्हवणं पाहत आलेल्या ताईने त्याच्या उजव्या खांद्यावर अंगठा दाबला. तो कळवळला.

"कधीपासून?"

"तीन महिने. तू नेलं नसतंस."

"आज नसतं नेलं. पुढच्या महिन्यात नेलं असतं." तिने त्याच्या खिशातली पेन्सिल काढली आणि नकाशावर त्या पुळणीभोवती गोल केला. "इथे तंबू ठोकायची परवानगी आहे, पाटीवर लिहिलंय. एक मुक्काम वाढवायचा, एवढंच होतं. वीस वर्षं दुसऱ्यांच्या हळू माणसांची काळजी घेतोस, आणि स्वतःवर वेळ आली की आकडे फुगवतोस? आधी खांदा. तारीख मग बघू."

दोऱ्याला आधी लाज वाटली, मग एकदम हलकं वाटलं. त्याने खिशातून लाल दोरा काढला, पुळणीपासून बेटापर्यंत वळणावळणाने लावला आणि दोनदा मोजला. नकाशाच्या कडेला 'सगळ्यात हळू' असं लिहिलेलं होतं. त्यापुढचा फुगवलेला आकडा खोडून त्याने खरा आकडा घातला, आणि आकड्यापुढे लिहिलं, 'मी'.

ताईने ते वाचलं आणि जेवणाचा डबा उघडला.